एनआयसीयूतील बाळ, संपत आलेला विमा आणि वाढते बिल: दागिने काढण्याआधी काय करावे

तुम्ही कळवलेली परिस्थिती थोडक्यात अशी आहे. पतीचे वय २९, पत्नीचे २६. गरोदरपणाच्या तिसाव्या आठवड्यात पत्नीचा रक्तदाब अचानक वाढला, तातडीने सिझेरियन करावे लागले आणि १,२५० ग्रॅम वजनाचे बाळ जन्माला आले. गेले नऊ दिवस ते महाराष्ट्रातील एका ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयात एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात आहे. पतीचा पगार महिन्याला २७,००० रुपये असून पत्नीने गरोदरपणातच नोकरी सोडली आहे. कंपनीच्या गट विम्याचे तीन लाखांचे संरक्षण येत्या काही दिवसांत संपेल आणि डॉक्टर आणखी चार ते पाच आठवडे धरून चालायला सांगत आहेत. दागिने विकावेत की कर्ज काढावे, बाळाला दुसऱ्या रुग्णालयात हलवावे का, आणि शेवटी बिल पूर्ण भरता आले नाही तर बाळाला अडवून ठेवतील का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

शासकीय आणि ट्रस्टच्या अशा दोन्ही प्रकारच्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवा विभागात मी अनेक वर्षे काम केले आहे, आणि त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगते ती ही की दागिन्यांचा निर्णय आज घेऊ नका. दागिने कधीच काढू नयेत असे माझे म्हणणे नाही. कदाचित काढावे लागतीलही. परंतु आपल्याकडे रुग्णाला मिळणारी जवळजवळ प्रत्येक मदत ही रुग्ण दाखल असताना आणि बिल थकलेले असतानाच मिळते. भरून झालेल्या बिलाचा परतावा सहसा कोणतीही योजना देत नाही. कुटुंबे मात्र नेमका उलटा क्रम धरतात. आधी सोने जाते, मग सासरची आणि माहेरची बचत जाते, मग क्रेडिट कार्ड येते, आणि डिस्चार्जच्या दिवशी शेवटचे ऐंशी हजार कमी पडतात तेव्हा कोणीतरी समाजसेवकाचे टेबल दाखवते. त्या दिवशी आम्हाला करण्यासारखे फार थोडे उरलेले असते. तुमचा आज नववा दिवस आहे, म्हणजे वेळ अजून हातात आहे.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, ‘आम्ही गरीब नाही, त्यामुळे सरकारी योजनेत बसणार नाही.’ हे वाक्य मी तुमच्या वयाच्या जोडप्यांकडून इतक्या वेळा ऐकले आहे की त्यावर थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ ‘कक’ नुसार धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांवर काही बंधने आहेत आणि त्यांची सविस्तर योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ठरवून दिली आहे. त्या योजनेप्रमाणे अशा रुग्णालयाला एकूण कार्यरत खाटांपैकी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी रुग्णालयाने इतर सर्व रुग्णांच्या बिलांच्या २ टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’ म्हणून वेगळी काढायची असते. निर्धन गटासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १,८०,००० रुपये आणि दुर्बल घटकासाठी ३,६०,००० रुपये आहे. तुमचा पगार महिना २७,००० म्हणजे वर्षाला ३,२४,००० रुपये होतो. पत्नीचे उत्पन्न सध्या नाही. याचा अर्थ तुम्ही दुसऱ्या गटात बसता, आणि ज्या रुग्णालयात बाळ आहे ते ट्रस्टचे असल्यामुळे हा प्रश्न तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे.

दुर्बल घटकातील रुग्णाचे बिल सर्वसाधारण वॉर्डाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या वर्गाच्या दराने करायचे असते आणि औषधे, साहित्य व इम्प्लांट यांची आकारणी छापील किमतीने न करता रुग्णालयाच्या खरेदी किमतीने करायची असते. या औषध-साहित्याच्या बिलाचा किमान निम्मा भाग रुग्णाने भरायचा असतो. एनआयसीयूच्या बिलात औषधे आणि साहित्याचा वाटा मोठा असतो, त्यामुळे केवळ खरेदी किमतीच्या नियमानेही रकमेत जाणवण्याइतका फरक पडतो. ही काही मेहेरबानी नव्हे. ट्रस्ट म्हणून रुग्णालयाला ज्या करसवलती मिळतात त्यांच्या बदल्यात आलेली ही जबाबदारी आहे, म्हणून अर्ज करताना संकोच करण्याचे कारण नाही.

अर्ज कसा करावा, हे आता सांगते. रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाला उद्या सकाळीच भेटा आणि ‘दुर्बल घटक योजनेखाली सवलत मिळावी’ असा लेखी अर्ज द्या. त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोच, तारीख आणि शिक्का घ्या. सोबत शिधापत्रिका, दोघांचे आधार कार्ड, मागील तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणि पत्नीने नोकरी सोडल्याचा कागद जोडा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतोच, आणि तो सेतू केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून मिळायला काही दिवस जातात; म्हणून दाखल्याचा अर्ज आजच करून त्याची पावती रुग्णालयाच्या अर्जाला लावा. एक अडचण तुमच्यासारख्या जोडप्यांना हमखास येते. लग्नाला दोन-तीन वर्षे झाली असली तरी पतीचे नाव वडिलांच्या शिधापत्रिकेवर आणि पत्नीचे नाव अजून माहेरच्या शिधापत्रिकेवरच असते. वडिलांच्या पत्रिकेवर भावाचेही उत्पन्न असेल तर एकत्र कुटुंबाचे उत्पन्न मर्यादेबाहेर जाऊ शकते. तुम्ही वेगळे राहत असाल, तर भाडेकरार किंवा वीजबिल यांसारखा पुरावा देऊन तहसील कार्यालयात तुमच्या दोघांच्या उत्पन्नाचाच दाखला मागा. एरवी वर्षानुवर्षे लांबणीवर टाकले जाणारे हे काम नेमके या आठवड्यात तातडीचे झाले आहे. सासरे, मेहुणे, मित्र यांपैकी जो कोणी ‘काही मदत लागली तर सांगा’ म्हणाला असेल, त्याला याच कामावर पाठवा.

रुग्णालय दोन प्रकारे नाही म्हणू शकते. पहिले म्हणजे ‘खाटा भरल्या आहेत’. तसे असेल तर ते लेखी मागा आणि खाट रिकामी होताच विचार व्हावा अशी नोंद करून घ्या. दुसरे म्हणजे ‘तुमचा विमा आहे, म्हणून तुम्ही या योजनेत नाही’. योजनेचा निकष वार्षिक उत्पन्न हा आहे, आणि विमा संपल्यानंतरच्या खर्चासाठी आपण अर्ज करत आहोत, हे अर्जातच स्पष्ट लिहा. तरीही दाद मिळाली नाही तर तुमच्या विभागाच्या धर्मादाय सहआयुक्तांकडे अर्जाच्या पोचेसह तक्रार करता येते. माझा अनुभव असा की तक्रारीची वेळ येण्याआधीच, योजनेचे कलम नमूद केलेला नीट लिहिलेला अर्ज पाहून बोलण्याचा सूर बदलतो.

आता महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेविषयी. पूर्वी ती मुख्यतः पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकांपुरती होती. जुलै २०२४ पासून ती राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांसाठी खुली झाली असून संरक्षण प्रति कुटुंब प्रतिवर्ष ५ लाख रुपयांपर्यंत आहे. नवजात बाळाच्या अतिदक्षता उपचारांचा तिच्यात समावेश आहे. मात्र दोन अटी नीट समजून घ्या. रुग्णालय योजनेशी संलग्न असले पाहिजे, आणि उपचाराला पूर्वमंजुरी मिळाली पाहिजे. ही योजना पूर्णपणे कॅशलेस असल्यामुळे तुम्ही आधीच भरलेले पैसे तीतून परत मिळत नाहीत. संलग्न रुग्णालयात आरोग्यमित्राचे, म्हणजे रुग्णांना मदत करणाऱ्या योजनेच्या प्रतिनिधीचे टेबल असते. बाळाचे नाव शिधापत्रिकेवर नाही म्हणून परत फिरू नका. नवजात बाळासाठी आईवडिलांची कागदपत्रे आणि जन्माचा दाखला चालतो, आणि कोणत्या नमुन्यात काय द्यायचे ते आरोग्यमित्र सांगतो. तुमचे रुग्णालय संलग्न आहे का, हे १५५३८८ या क्रमांकावर विचारून पाहा. ते संलग्न नसेल, तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे बाळाला हलवण्याचे, उत्तर काही अंशी इथेच सुरू होते. मुख्यमंत्री सहाय्यता निधीकडे अनेक जण सर्वांत आधी धावतात. तिथली उत्पन्नाची मर्यादा १,६०,००० रुपये असल्यामुळे तुमचा वेळ त्यात घालवू नका.

विमा संपत आला आहे असे तुम्ही म्हणता, पण तो खरोखर कुठे खर्च झाला हे पाहिले आहे का? आईचे बिल आणि बाळाचे बिल ही दोन स्वतंत्र प्रकरणे आहेत. गट विम्यात बाळंतपणाला बहुधा वेगळी, छोटी मर्यादा असते, आणि बाळाचा आजार मूळ विमा रकमेतून जातो. परंतु त्यासाठी बाळाचे नाव पॉलिसीत जोडलेले असावे लागते. कंपनीच्या एच.आर. विभागाला बाळाची जन्मतारीख कळवणारा ई-मेल तुम्ही पाठवला नसेल, तर हे वाचणे थांबवून आधी तो पाठवा, कारण नाव जोडण्याची मुदत ठरलेली असते आणि ती उलटली की पुढच्या नूतनीकरणापर्यंत काही करता येत नाही. त्याच ई-मेलमध्ये आणखी एक प्रश्न विचारा: आपल्या गट पॉलिसीत ‘कॉर्पोरेट बफर’ आहे का? अनेक कंपन्या कर्मचाऱ्यांच्या मूळ रकमेपलीकडे गंभीर आजारांसाठी एक सामाईक रक्कम विमा कंपनीकडे ठेवतात आणि ती व्यवस्थापनाच्या शिफारशीने वापरता येते. कर्मचाऱ्यांना तिचा पत्ता नसतो आणि एच.आर. स्वतःहून सांगत नाही. विचारण्यात तुमचे काही जात नाही, आणि मिळाली तर ती तुमच्या दागिन्यांपेक्षा मोठी असू शकते.

आईच्या खोलीचे भाडे पॉलिसीतील मर्यादेपेक्षा जास्त होते का, हेही तपासा. तसे असेल तर विमा कंपनी केवळ भाड्यातील फरक कापत नाही. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचे शुल्क अशा संलग्न खर्चांतही त्याच प्रमाणात कपात करते. मात्र औषधे, साहित्य, तपासण्या आणि अतिदक्षता विभागाचे शुल्क यांवर अशी प्रमाणशीर कपात करता येत नाही, असे विमा नियामकाचे निर्देश आहेत. आईच्या दाव्यात या बाबींवर कपात झालेली दिसली तर लेखी हरकत घ्या. कंपनीचे उत्तर पटले नाही किंवा महिनाभरात आलेच नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाता येते. त्याला फी नाही, वकील लागत नाही, आणि महाराष्ट्रात मुंबई व पुणे येथे ही कार्यालये आहेत. हा मार्ग सावकाशीचा आहे, म्हणून तो आजच्या रोख अडचणीवरचा उपाय समजू नका. कागद मात्र आजपासूनच जपून ठेवा.

बिलाकडे वळू. अंतिम बिल हातात येण्याची वाट पाहू नका. दर दोन-तीन दिवसांनी बाबवार तपशिलासह अंतरिम बिल मागा आणि दोघांपैकी जो त्या वेळी शांत असेल त्याने ते वाचा. एनआयसीयूच्या बिलातील चुका बहुधा लबाडीने होत नाहीत, यंत्रणेच्या सवयीने होतात. बाळ व्हेंटिलेटरवरून सीपॅपवर, म्हणजे नाकावाटे हवेचा दाब देऊन श्वासाला मदत करणाऱ्या साध्या यंत्रावर आले, तरी संगणकात जुने शुल्क आणखी दोन दिवस चालू राहते. काविळीसाठीचा निळा दिवा काढला जातो, पण त्याचे भाडे थांबत नाही. न वापरलेली इंजेक्शने औषध दुकानात परत जातात, पण त्यांची वजावट बिलात दिसत नाही. म्हणून एका वहीत रोज चारच ओळी लिहा: बाळ आज कोणत्या यंत्रावर आहे, कोणते उपचार सुरू झाले, कोणते थांबले, आणि कोणते तज्ज्ञ पाहून गेले. नर्सला विचारले तर ती सांगते. बिलिंग काउंटरवर आवाज चढवण्यापेक्षा ही वही पुढे ठेवल्याने काम लवकर होते. औषधे रुग्णालयाच्या दुकानातूनच घेतली पाहिजेत असे बंधन नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत औषधे आणि तपासण्या कुठून घ्यायच्या हे निवडण्याचा हक्क आहे. तरी रात्री दोन वाजता लागणारे इंजेक्शन बाहेरून आणण्याच्या भरीस पडू नका. डायपर, जीवनसत्त्वांचे थेंब, आईची नेहमीची औषधे अशा ठरलेल्या गोष्टींपुरता हा हक्क वापरला तरी पुरे.

बाळाला हलवावे का, या प्रश्नाचे उत्तर पैशांवरून देता येत नाही. ते बाळाच्या श्वासावरून द्यावे लागते. तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाच्या मुक्कामाचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. पहिल्या भागात फुप्फुसे, जंतुसंसर्ग आणि रक्तदाब यांची लढाई असते. यंत्रे, महागडी औषधे आणि चोवीस तास तज्ज्ञांची देखरेख याच काळात लागते. दुसऱ्या भागात बाळ केवळ वाढत असते: नळीने दूध घेता घेता तोंडाने घ्यायला शिकते, वजन धरते, स्वतःचे तापमान राखू लागते. या दुसऱ्या भागासाठी पहिल्याइतक्या खर्चिक विभागाची गरज नसते. डॉक्टरांना भेटीची वेळ मागून स्पष्ट विचारा की बाळ आता यांपैकी कोणत्या भागात आहे, दुसरा भाग कधी सुरू होईल असे त्यांना वाटते, आणि तो याच रुग्णालयातील कमी दराच्या स्टेप-डाउन विभागात किंवा शासकीय रुग्णालयात पार पडू शकेल का. ‘आम्हाला खर्च झेपत नाही’ हे वाक्य डॉक्टरांसमोर उच्चारायला पुष्कळ आईवडिलांना लाज वाटते. बाळाच्या डॉक्टरला ही माहिती मिळणे उपचारांच्या दृष्टीनेही आवश्यक असते, कारण कोणती तपासणी आज हवी आणि कोणती थांबू शकते हे त्यांनाच ठरवता येते.

शासकीय पर्यायाविषयी तुमच्या मनात जी भीती आहे ती पूर्णपणे अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. गर्दी असते, आईला बसायला जागा अपुरी असते. परंतु जिल्हा आणि स्त्री रुग्णालयांतील नवजात शिशू अतिदक्षता कक्ष, तसेच शासकीय व महापालिका वैद्यकीय महाविद्यालयांतील विभाग, कमी वजनाची बाळे वाढवण्याचे काम रोजच करतात. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात तर १९८९ पासून मातृदुग्धपेढी चालते, आणि ती आशियातील पहिली होती. जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी अर्भकाला वयाच्या पहिल्या वर्षापर्यंत शासकीय आरोग्य संस्थेत मोफत उपचार, औषधे, तपासण्या आणि दुसऱ्या रुग्णालयात पाठवण्यासाठी वाहन मिळण्याची तरतूद आहे. हलवायचे ठरले तर तीन गोष्टींची खात्री झाल्याशिवाय बाळ खाटेवरून उचलू देऊ नका: दोन्हीकडच्या डॉक्टरांचे आपसांत बोलणे झाले आहे, तिकडची खाट बाळाच्या नावाने राखली आहे, आणि वाहनात ट्रान्सपोर्ट इन्क्युबेटर (प्रवासात बाळाला उबदार ठेवणारी पेटी), प्राणवायू व प्रशिक्षित माणूस आहे. बाळाचा श्वास अधूनमधून थांबत असेल, तर केवळ पैशांसाठी प्रवास नको. आणि घाईत ‘स्वतःच्या जबाबदारीवर डिस्चार्ज’ या कागदावर सही करून बाळ घरी नेण्याचा विचारही करू नका. आठवड्याभरात तेच बाळ अधिक गंभीर अवस्थेत परत दाखल होते आणि खर्च दुप्पट होतो, हे मी पाहिले आहे.

मुक्कामाचे दिवस कमी करणारी आणि पैसे न लागणारी एक गोष्ट मात्र तुमच्या हातात आहे. डॉक्टरांनी परवानगी देताच आईने, आणि आई थकली असेल तेव्हा वडिलांनीही, बाळाला उघड्या छातीशी कातडीला कातडी लावून रोज जितके तास शक्य असेल तितके धरावे. याला कांगारू मातृसेवा म्हणतात. यामुळे बाळाचे तापमान टिकते, वजन चांगले वाढते, जंतुसंसर्ग कमी होतो. आईचे दूध थोडे येत असले तरी दर दोन-तीन तासांनी काढत राहावे, कारण अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आतड्यांना होणाऱ्या एका गंभीर आजारापासून या दुधाने संरक्षण मिळते, आणि त्या आजाराचा खर्च तुमच्या आतापर्यंतच्या बिलापेक्षा अधिक असू शकतो.

इथे पत्नीविषयी एक शब्द लिहिणे भाग आहे, कारण तुमच्या पत्रात बाळाबद्दल सर्व काही आहे आणि तिच्याबद्दल सिझेरियननंतर एकही ओळ नाही. गरोदरपणात वाढलेला रक्तदाब बाळंतपणानंतर लगेच संपत नाही. पहिल्या आठवड्यात तो पुन्हा चढू शकतो आणि पुढचे सहा आठवडे त्यावर लक्ष ठेवावे लागते. ‘बाळासाठी पैसे लागतील’ म्हणून बायका स्वतःच्या गोळ्या आणि तपासणी गुपचूप बंद करतात. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांसमोर अंधारी, धाप किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रक्तदाब मोजण्याचे यंत्र कोणाकडून तरी उसने आणा.

बिल अपुरे राहिले तर बाळाला अडवतील का, या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर सरळ आहे. थकलेल्या बिलासाठी रुग्णाला अडवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही रुग्णालयाला नाही. मुंबई उच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले आहे आणि रुग्ण हक्कांच्या सनदेतही ते आहे. रुग्णालयाला आपली रक्कम दिवाणी मार्गाने वसूल करता येते, माणूस तारण ठेवता येत नाही. व्यवहारात मात्र ‘फाईल तयार नाही’, ‘अकाउंटचे साहेब उद्या येतील’ अशा शब्दांत अडवणूक होते. तशी वेळ आल्यास वैद्यकीय अधीक्षकांना लेखी पत्र द्या, त्यात किती रक्कम आज भरत आहात आणि उरलेली किती हप्त्यांत भरणार ते लिहा. हप्ता तुम्हाला खरोखर झेपेल एवढाच लिहा. कोरा धनादेश मुळीच देऊ नका, कारण तो वटला नाही तर ज्याने सही केली त्याच्यावर फौजदारी खटला होऊ शकतो, आणि साधी थकबाकी एका क्षणात गुन्ह्याचे प्रकरण बनते. एवढे करूनही सोडले नाही तर ११२ क्रमांकावर पोलिसांची मदत मागता येते. उपचारांच्या कागदपत्रांची प्रतही तुमचा हक्क आहे. मागणी केल्यापासून ७२ तासांत ती देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

हे सर्व मार्ग धरल्यानंतर जी तूट उरेल, तेवढ्यासाठीच पैसे उभे करा, आणि तेही स्वस्तापासून महागाकडे अशा क्रमाने. कंपनीकडून पगाराची आगाऊ रक्कम मिळत असेल तर ती पहिली. भविष्य निर्वाह निधीतून कुटुंबीयांच्या आजारपणासाठी रक्कम काढता येते, ती दुसरी. त्यानंतर दागिने, पण विकण्याऐवजी बँकेत तारण ठेवून. सोनेतारण कर्जाचा दर वैयक्तिक कर्जापेक्षा बहुधा कमी असतो आणि दागिना परत येण्याची वाट उघडी राहते. आईच्या वापरातले एखादे सोने यातून वगळले तरी माझी हरकत नाही. सर्व गोष्टी हिशेबाने ठरत नाहीत. वैयक्तिक कर्ज त्यानंतर. क्रेडिट कार्डाची थकबाकी फिरती ठेवली की व्याज वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास जाते, म्हणून पुढच्या बिलात पूर्ण फेडता येईल एवढीच रक्कम कार्डावर घ्या. मोबाइलवर दहा मिनिटांत कर्ज देणारी ॲप आणि परवाना नसलेले खासगी सावकार यांच्याकडे वळू नका. वसुलीचे फोन तुमच्या सर्व नातेवाइकांना जातील. रुग्णालयाच्या काउंटरवर सुचवली जाणारी ‘सुलभ हप्ते’ योजना ही रुग्णालयाची सवलत नसून तुमच्या नावावर काढलेले कर्ज असते, हे सही करण्याआधी वाचून घ्या. नातेवाइकांकडून उसने घ्याल ते बँक खात्यातूनच घ्या; २०,००० किंवा त्याहून अधिक रक्कम रोख कर्जाऊ घेण्यास प्राप्तिकर कायद्याने मनाई आहे, आणि नात्यांच्या दृष्टीनेही नोंद असलेली बरी.

घरी गेल्यावर दोन गोष्टी बाकी राहतात. पहिली म्हणजे डिस्चार्जनंतरची औषधे, तपासण्या आणि भेटी यांची बिले: पॉलिसीत ठरलेल्या मुदतीपर्यंत, बहुधा ६० किंवा ९० दिवस, विमा रक्कम किंवा बफर शिल्लक असल्यास ती मागता येतात, म्हणून पावत्या टाकू नका. दुसरी गोष्ट डोळ्यांची. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २,००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत नेत्रतज्ज्ञाकडून तपासावा लागतो, आणि पडद्यावरील रक्तवाहिन्यांची वाढ पूर्ण होईपर्यंत ही तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते. बाळ बाहेरून अगदी ठणठणीत दिसते, रुग्णालयाचा कंटाळा आलेला असतो, हातात पैसे नसतात, आणि हीच भेट चुकते. वेळेत लेसर उपचार झाले नाहीत तर दृष्टी कायमची जाऊ शकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणाऱ्या पडद्याच्या या आजाराचा समावेश असल्याने शासकीय यंत्रणेतूनही तपासणीची सोय होते. तुमच्या बाळाला आज नऊ दिवस झाले आहेत, तेव्हा पुढच्या अडीच आठवड्यांतील तारीख डॉक्टरांकडून आत्ताच मागून घ्या, आणि तोवर बाळ दुसऱ्या रुग्णालयात गेले असेल तर ती तारीख तिकडच्या कागदांवर सर्वांत वर लिहून घ्या.